तिसऱ्या सिलिंडरची साक्ष

"सही कशावर करायची, ते तरी वाचू द्या," ताई म्हणाली. हात ग्रीसने बरबटलेले होते म्हणून तिने कागद दोन बोटांच्या नखांत धरला आणि चष्मा खांद्याने वर सरकवला.

कागदावर चारच ओळी होत्या. 'इंजिनाची जोडणी करताना तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगांच्या टोकांमध्ये पुरेशी फट ठेवली गेली नाही. त्यामुळे रविवारच्या शर्यतीत पिस्टन फुटून गाडीला आग लागली. ही चूक माझ्याकडून अनवधानाने झाली.' खाली तिचे नाव छापलेले होते आणि नावाच्या वर सहीसाठी रेघ.

"अनवधानाने," ताईने तो शब्द पुन्हा उच्चारला. "चांगला शोधलाय. तुम्हाला नसता सुचला."

"वकिलाने सुचवला," मालक म्हणाले. माणूस तसा खोटारडा नव्हता. टायरच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी दोन शर्यतीच्या गाड्यांचा चमू उभा केला होता आणि अडचणीत असले की त्यांना खरे बोलण्याची घाई व्हायची. "हे बघा ताई, तुम्हाला काय होणार आहे? असोसिएशन एक ताकीद देईल. दोन महिने घरी बसा, पगार चालू. आणि मुख्य म्हणजे भिंगरीचं नाव कुठं येत नाही. त्याचं शर्यतीचं लायसन वाचतं. तुमचाच भाचा ना तो?"

ताईने कागद टेबलावर ठेवला आणि तो उडू नये म्हणून त्यावर जळका इनटेक पाइप ठेवला. पांढऱ्या कागदावर काजळीचा मोठा डाग उमटला.

"यावर सही होणार नाही," ती म्हणाली.

"विचार करा."

"बावीस वर्षं प्रत्येक बोल्टला केलाय. अजून किती करू?"

ताई चोपन्न वर्षांची. शर्यतीच्या मैदानावर तिला नावाने कोणी ओळखत नव्हते. ड्रायव्हर, टायरवाले, रुग्णवाहिकेतला डॉक्टर, सगळ्यांची ती ताईच. वडिलांचे लेथचे दुकान होते. शाळा सुटली की दप्तर फेकून ती सिलिंडर घासायला बसायची. इतर मुलींच्या नखांना रंग असायचा, हिच्या नखांत बिडाचा कीस असायचा. लग्न झाले ते एका बसचालकाशी. त्याने मुलगी पाहायला आल्यावर विचारले होते म्हणे, "गाडी दुरुस्त करता येते? मग झालं, मला स्वयंपाक येतो." तेव्हापासून त्या घरात कामांची वाटणी तशीच राहिली.

तिने जोडलेले इंजिन फुटत नाही अशी ख्याती होती. तिला मात्र तसे म्हटलेले आवडत नसे. "लोखंडच आहे, फुटेल की," ती म्हणायची. "फक्त सांगून फुटलं पाहिजे."

यंदाच्या मोसमाआधी मालकांनी नायट्रसची बाटली आणली. दाताचे डॉक्टर रोग्याला गुंगी द्यायला वापरतात तोच वायू. इंजिनात शिरला की उष्णतेने त्यातला प्राणवायू सुटतो आणि त्याच सिलिंडरात जास्त पेट्रोल जाळता येते. ड्रायव्हरने बटण दाबले की गाडी मागून कोणी लाथ घातल्यासारखी उडते. मात्र जितका वायू वाढेल तितके पेट्रोलही वाढायला हवे. दोन्हींसाठी बोटाच्या पेराएवढे पितळी जेट असतात, त्यांच्या भोकाच्या मापावर सगळे अवलंबून. वायू वाढवला आणि पेट्रोल तेवढेच ठेवले, तर आगीला खायला पेट्रोल पुरत नाही आणि मग ती पिस्टनच खाते.

तेव्हाच ताईने मालकांना समोर बसवून सांगितले होते, "पंच्याहत्तर हॉर्सपॉवर. त्याच्यावर एक नाही. त्या हिशेबाने मी रिंगांची फट वाढवते, तापल्यावर त्यांना पसरायला जागा हवी, ठिणगी थोडी उशिरा पाडते, कमी तापणाऱ्या जातीचे प्लग घालते. आणखी हवं असेल तर पिस्टन बदला, पेट्रोलचा पंप बदला आणि मला दोन महिने द्या."

"दोन महिन्यांत मोसम संपेल की."

"संपू दे. पुढच्या वर्षी पुन्हा येतो तो."

मालक हसले होते आणि पंच्याहत्तरवर गोष्ट थांबली होती. निदान ताईला तसे वाटत होते.

रविवारी ती बारा सेकंदांच्या त्या सरळ शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेपाशी उभी होती. गाडी सुटली, दुसरा गिअर पडला, भिंगरीने बटण दाबले आणि ताईला तो आवाज ऐकू आला. तापल्या पत्र्यावर कोणी मूठभर खडे टाकावेत, तसा. सगळे मैदान ओरडत होते, पण तिच्या कानांनी त्यातून तेवढाच वेचला. धूर दिसण्याआधीच ती धावत सुटली होती. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी बाई, पण त्या दिवशी आग विझवणाऱ्यांच्याही आधी पोचली. तेल तापल्या एक्झॉस्टवर उडाले होते, बॉनेटखालून ज्वाळा निघत होत्या, गाडी भिंतीला घासून आडवी उभी होती. पट्टा सोडताना भिंगरीचे दोन्ही पंजे भाजले, गळपट्टीचे हाड मोडले. जीव वाचला.

मालकांचा कागद पाइपखाली ठेवून ताई त्याच दुपारी इस्पितळात गेली. बाकड्यावर धाकटी बहीण बसली होती, भिंगरीची आई. तिच्या मांडीवर मुलाचा शर्ट होता, तो ती उगीच घडी करत आणि उलगडत होती.

"केलीस सही?" धाकटीने विचारले. म्हणजे मालकांचा फोन आधीच येऊन गेला होता.

"नाही."

"ताई, तुझं काय जातंय गं? तुझं नाव एवढं मोठं आहे, एका चुकीने काय होणार? त्याला मात्र गाडीशिवाय दुसरं काही येत नाही."

"चूक झाली असती तर सही आधी केली असती, चहा नंतर प्याले असते. मी चूक केलेली नाही."

"बरोबरच असतेस तू. लहानपणापासून बरोबर." धाकटीने शर्टाचा बोळा केला. "त्याला या धंद्यात कोणी आणलं? सुट्टी लागली की तुझ्या शेडमध्ये. गाडीखालून पाय ओढून बाहेर काढावं लागायचं जेवायला. मी त्याला बँकेत घालणार होते."

एका जागी बसत नाही म्हणून या पोराचे नाव भिंगरी पडले ते ताईच्याच शेडमध्ये. ते नाव तिनेच ठेवले होते. ती आत गेली.

भिंगरी उताणा पडला होता. सव्वीस वर्षांचा गडी, पण दोन्ही हातांना पांढऱ्या बँडेजचे गोळे बांधल्यामुळे तो कोणीतरी मुष्टियुद्धाला सजवून मध्येच विसरून गेल्यासारखा दिसत होता.

"मावशी, नाकाला खाज सुटलीय," तो म्हणाला.

ताईने खाजवले. मग खुर्ची ओढून बसली.

"जेट कोणी बदलला?"

तो छताकडे पाहत राहिला. बाहेर कोणाची तरी ढकलगाडी चाक वाजवत गेली.

"मालकांनी आणून दिला," तो शेवटी म्हणाला. "बसवला मी. तू चहाला गेली होतीस तेव्हा. दीडशेचा."

"आणि पेट्रोलचा?"

"तो तसाच राहिला. वेळ नव्हता. मालक म्हणाले, एकाच फेरीचा प्रश्न आहे, बारा सेकंदांत काय बिघडतंय."

"आणि तुला पटलं."

"मला जिंकायचं होतं, मावशी."

ताईला वाटले होते, हे ऐकून आपण याच्या थोबाडीत देऊ. प्रत्यक्षात तिने त्याच्या उशीची कड सरळ केली.

"मालक म्हणतात, तू सही केलीस की सगळं मिटतं," तो म्हणाला. "मी तुला कर म्हणणार नाही. पण नको कर असं म्हणायचंही धाडस होत नाही बघ."

"तू नुसतं ऐक. त्या कागदावर काय लिहिलंय? दोष रिंगांच्या फटीचा. मग मालक काय करतील? दुसऱ्या गाडीच्या रिंगांची फट वाढवतील आणि तिच्यात दीडशेचा जेट घालतील. का नाही घालणार? जेटचा काही दोष नव्हताच ना, दोष ताईचा होता. आणि त्या गाडीत बसणारी पोरगी बावीस वर्षांची आहे. ते इंजिनही माझ्याच हातचं."

भिंगरीने डोळे मिटले.

"मी तुला साक्षीला ये म्हणत नाही," ताई उठत म्हणाली. "तुझं लायसन, तुझा निर्णय. पण माझी सही मी तुझ्यावर पांघरूण घालायला देणार नाही. आईला सांग, मावशी कठोर आहे म्हणून. ते तिला आधीपासूनच माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडवर आली, तेव्हा दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता आणि जळके इंजिन साखळीला टांगून वर उचलले होते.

"खाली घ्या," ताई म्हणाली.

भंगारवाल्याने मालकांच्या केबिनकडे पाहिले. केबिन बंद होती. ताईने स्वतः साखळी ओढून इंजिन खाली घेतले, कपाटातून जाड साखळी आणली, इंजिनाभोवती आणि शेडच्या लोखंडी खांबाभोवती दोन वेढे दिले आणि स्वतःच्या पेटीचे कुलूप काढून त्याला लावले. किल्ली ब्लाउजमध्ये टाकली. मग तिथेच उभी राहून असोसिएशनच्या तपासनिसाला फोन केला.

मालक दहाला आले. खांबाकडे पाहून क्षणभर त्यांना काही कळेना.

"माझ्या शेडमध्ये माझ्या इंजिनाला तुमचं कुलूप?"

"हो."

"ताई, हे अति होतंय. मी पोलिसांना बोलावू शकतो."

"बोलवा. माणसं जितकी जास्त तितकं बरं. कुलूप तोडायचं असेल तर कटर त्या कपाटात आहे, वरच्या खणात. तपासनीस अकराला येतायत. त्यांच्यासमोर तोडा."

मालक कपाटापर्यंत गेले. तिथे थोडे थांबले. मग कप्प्यातून कटर न काढताच परत आले आणि केबिनमध्ये जाऊन बसले.

तपासनीस काडीसारखा माणूस. बोलण्यापेक्षा लिहायचा जास्त. त्याच्यापाठोपाठ दुसऱ्या गाडीची ड्रायव्हर पोरगीही आली. दुपारी तिचा सराव होता. हेल्मेट काखेत धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

ताईने कुलूप काढले आणि इंजिन उघडायला घेतले. घाई केली नाही. प्रत्येक बोल्ट कोणत्या भोकातला, ते सांगून ताटलीत ठेवला. आधी प्लग काढून एका ओळीत मांडले. तिसऱ्याचे टोक वितळून गेले होते. पण तिने तो बाजूला सारला आणि उरलेल्या तिघांकडे बोट केले.

"भिंग लावा. पांढऱ्या चिनीमातीवर काळे-चंदेरी ठिपके दिसतात?"

"मिरपूड उडाल्यासारखे," तपासनीस म्हणाला.

"ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. चारही पिस्टन झिजायला लागले होते. तिसरा आधी गेला, एवढंच. एकाच सिलिंडरची फट चुकली असती, तर बाकीचे तिघं कशाला रडले असते?"

मग तिने धड राहिलेल्या सिलिंडरांमधल्या रिंगा काढल्या, त्यांच्याच सिलिंडरांत सरळ बसवल्या आणि फटीत मापाची पाती सरकवली. तपासनिसाने आपली पाती काढून पुन्हा मोजले. ताईच्या जोडणीच्या वहीतला आकडा आणि त्याचा आकडा तंतोतंत जुळला. तिसरा पिस्टन सगळ्यात शेवटी निघाला. त्याचा काठ मेणबत्तीसारखा ओघळला होता. एरवी तळहातावर घेऊन फिरवून पाहणाऱ्या ताईने तो फडक्यावर ठेवला आणि हात मागे घेतला.

"जोडणीत दोष नाही," तपासनीस लिहीत म्हणाला. "हे मी लिहून देतो. पण गाडीवरचा जेट मी आत येतानाच पाहिला. तो पंच्याहत्तरचाच आहे."

"आता आहे," ताई म्हणाली.

"बाटली उन्हात तापली असेल," मालक केबिनच्या दारातून म्हणाले. "दाब वाढला असेल. होतं असं. कोणाचाच दोष नाही." त्यांच्या आवाजात थोडी उमेद आली होती. "मी तर म्हणतो, ताईंचाही नाही. झालं समाधान?"

ताईला कळले की इथे ती थांबू शकते. तिचे नाव धुऊन निघाले होते. भाच्याचे लायसन शाबूत होते. बहीण उद्या फोन करील, दोघी काही झालेच नाही असे बोलतील. तिने भिंतीला टेकलेल्या पोरीकडे पाहिले. पोरगी हेल्मेटची काच पुसत होती.

"नाही झालं," ताई म्हणाली. "मी आवाज ऐकलाय. पंच्याहत्तरवर तो आवाज येत नाही."

"ताई," तपासनीस नरमाईने म्हणाला, "आवाज मला अहवालात लिहिता येत नाही."

"मग माझं लिहा," दारातून कोणीतरी म्हणाले.

भिंगरी उभा होता. शर्ट अंगात न घालता खांद्यावरून पांघरला होता, हात झोळीत, पायांत इस्पितळाच्या चपला. मागे धाकटी होती. तिने त्याच्या कोपराला धरले होते आणि ती ताईकडे पाहत नव्हती.

"मी नाही आणला त्याला," ती कोणालाच उद्देशून म्हणाली. "तो उठून चालायला लागला. रस्त्यात पडेल म्हणून आले."

"दीडशेचा होता," भिंगरी म्हणाला. "मी बसवला, या हातांनी. काय होऊ शकतं ते मावशीने मला दहा वेळा सांगितलं होतं. मला माहीत होतं."

"अरे, शुद्धीवर आहेस का?" मालक पुढे आले. "लायसन जाईल तुझं!"

"जाऊ दे." त्याची मान ताठ होती. "आणि साहेब, दुसरी गाडी बघा. आज सराव आहे तिचा."

तपासनिसाने वही मिटली, पाना घेतला आणि दुसऱ्या गाडीचे बॉनेट उचलले. दोन मिनिटे लागली. मग त्याने तळहात पुढे केला. त्यावर एक पितळी जेट होता, नवा, चकचकीत. त्याने त्यावरचा आकडा मोठ्याने वाचलाच नाही, आधी पोरीला दाखवला.

पोरीने तो पाहिला. मग मालकांकडे पाहिले. "मला का नाही सांगितलं?" एवढेच तिने विचारले. मालक खुर्ची शोधत होते.

निकाल आठवड्यात लागला. चमूवर वर्षाची बंदी आली. भिंगरीचे लायसन तीन वर्षांसाठी गेले. ताईच्या विरुद्ध काही नव्हते, पण शर्यतीच नाहीत तर इंजिने कशाला जोडायची, असे सांगून मालकांनी तिला मोकळे केले. इतर चमूंच्या मालकांनी तिची पाठ थोपटली आणि काम मात्र कोणी दिले नाही. उद्या आपल्याही इंजिनाला कुलूप लावील, ही धास्ती. ताईने आपल्या पान्यांची पेटी उचलली, मैदानाच्या फाटकातून सरळ मधोमध चालत बाहेर पडली. बाजूच्या छोट्या दारातून जा, असे पहारेकरी म्हणाला होता.

धाकटी तिच्याशी बोलत नाही. भिंगरी येतो, बोटे अजून पुरती मिटत नाहीत. तो ट्रक चालवायला शिकवण्याच्या शाळेत लागला आहे, तिथे स्टिअरिंग न धरता वर्गात बोलायचे काम मिळते. येताना तो आईचा निरोप आणत नाही आणि ताई विचारत नाही. एकदा दोघी औषधाच्या दुकानात समोरासमोर आल्या. ताई थांबली. धाकटीने आपली गोळ्यांची पुडी घेतली, सुट्टे पैसे न मोजता पर्समध्ये टाकले आणि निघून गेली. ताईने त्या दिवशी घरी येऊन स्वयंपाकघरातला पंखा खोलला. तो बिघडलेला नव्हता.

सात महिन्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तिला काम मिळाले. तिथले जुने डिझेल इंजिन वीज गेली की पंप चालवायचे, म्हणजे चालवायला हवे होते. दोन वर्षे ते मधेच बंद पडत होते आणि टाकीखालच्या वस्तीचे नळ कोरडे राहत होते. ताईने ते पार सुटे केले आणि पुन्हा जोडले. चाचणी बारा तासांची होती. सकाळी आठला तिने इंजिन सुरू केले.

"शर्यतीच्या गाड्यांवरून इथं," पंपघराचा ऑपरेटर कानाशी ओरडून म्हणाला. "कंटाळा येईल तुम्हाला."

"तिकडं बारा सेकंद टिकायचं असायचं," ताई ओरडली. "तेवढंही जमेना लोकांना."

साहेब येऊन गेले. दर तासाचे तापमान ऑपरेटर लिहील, तुम्ही घरी जा, असे त्यांनी सांगितले. ताईने मान डोलावली आणि भिंतीशी पालथ्या घातलेल्या डब्यावर बसून राहिली.

एकच्या सुमाराला नवरा डबा घेऊन आला. आवाजाने दारातच त्याने कानांवर हात ठेवले. मग तिच्याजवळ येऊन काहीतरी ओरडला. ताईने ऐकू येत नाही अशी खूण केली. तो पुन्हा ओरडला, यावेळी मनगटावरच्या घड्याळाला बोटाने ठोकत. घरी कधी?

ताईने काळे हात वर केले. एका हाताची पाच बोटे, दुसऱ्याची दोन.

नवऱ्याने ती मोजली. इकडेतिकडे पाहिले, कोपऱ्यातला दुसरा डबा पायाने ओढून आणला, तिच्या शेजारी पालथा घातला आणि बसला.